नागझिऱ्याचा वाघ, बिरसीचे विमान आणि जनुकांची साक्ष

गोंदियाजवळच्या बिरसीत ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टी बांधली. पुढची अनेक दशके ती जवळजवळ ओसच होती. मार्च २०२२ मध्ये तिथून प्रवासी विमान उडाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपनीची हैदराबाद-तिरुपती सेवा सुरू झाली. दोन्ही वेळा फोटो छापून आले, नेत्यांची भाषणे झाली. ज्या कुटुंबांच्या घराशेजारून धावपट्टी गेली, त्यांच्या पुनर्वसनाची बातमी मात्र नेहमीप्रमाणे आतल्या पानावर राहिली.

या दोन उद्घाटनांच्या मधल्या काळात, २० मे २०२३ रोजी, गोंदिया जिल्ह्यात आणखी दोन प्रवासी आले होते. ते विमानाने नव्हे, तर पिंजऱ्यात बसून गाडीने आले. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातून पकडलेल्या दोन वाघिणी त्या दिवशी नागझिऱ्याच्या जंगलात सोडण्यात आल्या. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी वाघीण आणली गेली. कारण सरळ सांगण्यात आले. ब्रह्मपुरीत वाघ जास्त झाले आहेत आणि माणसांशी संघर्ष वाढला आहे. नवेगाव-नागझिऱ्यात जंगल आहे, पण वाघिणी कमी आहेत.

हे कारण खोटे नाही, पण अर्धे आहे. नागझिऱ्यात वाघिणी कमी का पडल्या, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तिथले जंगल ब्रह्मपुरीच्या जंगलापासून समुद्रापलीकडे नाही. मध्ये सलग नसले तरी तुटक जंगल आहे, गावे आहेत, धानाच्या बांध्या आहेत, तलाव आहेत. वाघ ही वाट शेकडो वर्षे चालत आला. आता त्याला गाडीत घालून का आणावे लागते? या प्रश्नाचे उत्तर वाघाच्या जनुकांत सापडते. तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी ते समजून घ्यावे, म्हणून हा लेख. विषय वाघाचा दिसतो, पण त्यात आपली गावे, आपले रस्ते आणि आपल्या ग्रामसभा आहेत.

आधी पद्धत समजून घेऊ. वाघाच्या जनुकांचा अभ्यास करायला वाघ पकडावा लागत नाही. त्याची विष्ठा पुरते. विष्ठेवर आतड्यातल्या पेशींचा पातळ थर असतो आणि त्या पेशींतून डीएनए काढता येतो. त्यातल्या ठरावीक जागा तपासल्या की ही विष्ठा वाघाची की बिबट्याची, नराची की मादीची, हे कळते आणि ती नेमक्या कोणत्या वाघाची, हेही ओळखता येते. दोन जंगलांतल्या वाघांचे नमुने ताडून पाहिले की त्यांच्यात देवाणघेवाण चालू आहे की थांबली आहे, हेही समजते. कॅमेऱ्याला वाघ दिसला तरच त्याची नोंद होते. जनुकांत मात्र मागच्या अनेक पिढ्यांचा प्रवास नोंदलेला असतो.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात डॉ. उमा रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी हे काम वर्षानुवर्षे करत आहेत. २०१३ मध्ये त्यांच्या गटाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या जुन्या वाघांच्या कातड्यांचे आणि हाडांचे नमुने त्यांनी आजच्या वाघांशी ताडले. साहेब आणि राजेमहाराजे यांनी मिरवण्यासाठी मारलेले ते वाघ होते. आईकडून येणाऱ्या डीएनएचे जे प्रकार त्या जुन्या नमुन्यांत होते, त्यांपैकी ९३ टक्के आजच्या भारतीय वाघांत सापडले नाहीत. वाघांची संख्या पुन्हा वाढवता येते आणि भारताने ती वाढवली आहे. गेलेले प्रकार मात्र परत येत नाहीत. जे उरले आहे ते एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जात राहावे, एवढेच आपल्या हातात आहे.

त्याच वर्षी याच गटाचा दुसरा अभ्यास आला आणि तो थेट आपल्या भागाचा होता. मध्य भारतातील सहा संरक्षित क्षेत्रांतल्या ५५ वाघांचे नमुने त्यासाठी तपासले गेले. त्यातून कळले की वाघ सुमारे ६५० किलोमीटरपर्यंतचा प्रवास करून दुसऱ्या जंगलात पोहोचले आहेत. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढे होता. दोन जंगलांमधले अंतर किती, याने फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो मधल्या वस्तीच्या पसाऱ्याने आणि रस्त्यांच्या दाटीने. म्हणजे तीनशे किलोमीटरचे तुटक जंगल आणि शेते वाघ ओलांडतो, पण वाहनांनी भरलेला पन्नास मीटरचा रस्ता त्याला अडवतो.

२०१३ मध्येच संदीप शर्मा, तृष्णा दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा येथील २७३ वाघांचा अभ्यास मांडला. जिथे जंगलाची वाट टिकून आहे, तिथे जनुकांची देवाणघेवाणही टिकून आहे, हे त्यांनी दाखवले. कान्हा ते पेंच आणि सातपुडा ते मेळघाट या दोन वाटा त्यात ठळक होत्या. गंमत पाहा, हे सगळे २०१३ साली छापून आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर केला. विज्ञान आणि शासन निर्णय एकाच वेळी हातात होते.

आता नवेगाव-नागझिऱ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. गाभा क्षेत्र सुमारे ६५६ चौरस किलोमीटर. पण ते एकसंध नाही. नागझिरा, नवीन नागझिरा, कोका, नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव अभयारण्य असे तुकडे गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरले आहेत. नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. साकोली, कोहमारा, देवरी ही त्याच्यावरची गावे आपल्या वाचकांना पाठ आहेत. गोंदिया-कोहमारा रस्ता वेगळा. एवढ्या तुकड्यांत वाघांचा मोठा समूह स्वतंत्रपणे टिकू शकत नाही. कान्हा, पेंच, ताडोबा, उमरेड-करांडला यांच्याशी येणेजाणे राहिले तरच नागझिरा जगेल.

येणेजाणे थांबले तर काय होते, याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडात पँथर नावाच्या मोठ्या मांजराची एक टोळी वेगळी पडली होती. ती वीस-तीस जनावरांवर आली. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांचे वृषण न उतरलेले, अशी पिल्ले जन्माला येऊ लागली. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा पुढची पिढी सुधारली आणि संख्या वाढली. राजस्थानच्या रणथंबोरमध्ये वाघ भरपूर दिसतात, पर्यटकांची गर्दी असते. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात हे वाघ एकमेकांचे फार जवळचे नातेवाईक निघाले आणि घातक जनुकांचा बोजा त्यांच्यात साचू लागल्याचे दिसले. डोळ्यांना भरलेले दिसणारे जंगल आतून पोखरलेले असू शकते.

ओडिशाच्या सिमलीपालचे उदाहरण तर आपल्या चंद्रपूरशी जोडलेले आहे. तिथे अंगावरचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले, काळसर दिसणारे वाघ आहेत. पर्यटन खाते त्यांना काळा वाघ म्हणून मिरवते. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की हा एका जनुकातील एका बदलाचा परिणाम आहे. तो बदल आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच वाघ असा दिसतो. जगात इतरत्र जवळजवळ न दिसणारी ही गोष्ट सिमलीपालमध्ये एवढी वाढली, कारण तो वाघांचा समूह एकटा पडला. २०२३-२४ च्या ओडिशाच्या गणनेत सिमलीपालमधील २७ प्रौढ वाघांपैकी १३ असे होते. काळा वाघ हे तिथल्या तुटलेपणाचे लक्षण आहे.

उपाय म्हणून २०२४ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमलीपालला नेल्या. झीनत सोडल्यावर चालू लागली. ती झारखंडमध्ये गेली, तिथून पश्चिम बंगालमध्ये शिरली. तीन राज्यांची वनखाती तिच्या मागे होती. २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडले आणि परत नेले. वाघिणीची चूक काहीच नव्हती. तिला आणलेली जागा माणसाने ठरवली होती, तिने नव्हे.

आम्ही वाघिणी हलवण्याच्या विरोधात नाही. सिमलीपालसारख्या ठिकाणी दुसरा मार्ग उरला नसेल तर तो करावाच लागेल, आणि जनुकांचा अभ्यास हाताशी असताना तो डोळसपणे करता येतो. कोणत्या समूहातील वाघीण आणावी, ती तिथल्या वाघांच्या नात्यातली नाही ना, पुढच्या पिढीत तिचा वाटा पडला का, हे सगळे तपासता येते. ब्रह्मपुरी आणि नागझिरा हे मध्य भारताच्या एकाच मोठ्या समूहाचे भाग आहेत, त्यामुळे तिथून वाघीण आणण्यात जनुकीय गैर काही नाही. आमचा आक्षेप दुसरा आहे. जनुकशास्त्राने दोन गोष्टी सांगितल्या: वाघांची देवाणघेवाण हवी, आणि ती रस्त्यांमुळे तुटते. सरकारने पहिली ऐकली आणि गाडी मागवली. दुसरी ऐकली असती तर रस्त्याच्या ठेकेदाराला थांबवावे लागले असते.

हिशेब मांडून पाहा. मे २०२३ मध्ये दोन वाघिणी समारंभाने सोडल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला मोटारीने उडवले. उपचारासाठी नागपूरकडे नेताना तो मेला. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जुनोनाच्या जंगलात, चांदाफोर्ट-गोंदिया रेल्वेमार्गावर, वाघाचे तीन बछडे गाडीखाली चिरडले गेले. एका हाताने आणायचे आणि दुसऱ्या हाताने मारायचे, असा हा कारभार आहे.

वाघ स्वतः मात्र अजून प्रयत्न करत आहेत. जय नावाचा प्रसिद्ध वाघ नागझिऱ्याचाच. २०१३ मध्ये तो कोणाच्या गाडीत न बसता उमरेड-करांडल्यात पोहोचला आणि तिथे मोठे कुटुंब वाढवले. एप्रिल २०१६ मध्ये तो बेपत्ता झाला, तो आजतागायत सापडला नाही. टिपेश्वरमध्ये जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावून तेराशे किलोमीटरहून अधिक चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. लोकांनी त्याचे नाव वॉकर ठेवले. शेते, नाले, महामार्ग, गावांच्या कडा ओलांडत तो गेला आणि एवढ्या वाटेत त्याने वाटेवरच्या लोकांशी जवळजवळ भांडण केले नाही. ज्ञानगंगेत त्याला वाघीण मिळाली नाही. त्याचे जनुक पुढे गेले नाहीत, कारण वाट फक्त त्याच्या एकट्यापुरती शिल्लक होती.

रस्ता आणि वाघ दोन्ही राहू शकतात, याचा पुरावा नागपूर जिल्ह्यातच आहे. पेंचजवळ मनसर ते खवासा या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ४४ रुंद करताना न्यायालयीन लढाई झाली आणि त्यातून प्राण्यांसाठी रस्त्याखालून जाणारे नऊ मार्ग बांधले गेले. त्यातले काही पन्नास मीटरचे, तर सर्वांत मोठा साडेसातशे मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी त्याखालून जाताना दिसले. त्यात ११ वेगवेगळे वाघ होते. हे कोणाच्या कृपेने झाले नाही, काही लोक कोर्टात गेले म्हणून झाले. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर तो वाघ मेला, तिथे असे काय होते?

आता माणसांकडे येऊ. जनुकांच्या नकाशावर ज्याला वाघाची वाट म्हणतात, ती जमीन रिकामी नसते. तिथे गोंड, हलबा, ढिवर, बौद्ध, कुणबी, पोवार अशी सगळी माणसे राहतात. एप्रिल-मे महिन्यात पहाटे मोह वेचायला आणि नंतर तेंदूपत्ता तोडायला जी बाई वाकून बसते, तिला वाघ पाठीमागून माणूस म्हणून ओळखत नाही. ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीच्या पट्ट्यात मेलेल्यांची नावे वाचा, आडनावे वाचा. शहरातला वन्यजीवप्रेमी त्या यादीत नसतो. वाघांची देवाणघेवाण हवी म्हणणाऱ्या प्रत्येकाने या बाईच्या बाजूने आधी बोलले पाहिजे. तिला वेळेवर भरपाई, घरात गॅस, गोठ्याला भिंत, तेंदूच्या दिवसांत गटाने जाण्याची व्यवस्था या गोष्टी संवर्धनाचाच भाग आहेत. त्याशिवाय वाघाची वाट फक्त संगणकावर टिकेल.

आणि तिला उठवून लावणे हा उपाय नाही. नवेगाव अभयारण्यातील कवलेवाडा, कालीमाती, झंकारगोंदी ही गावे हलवून सौंदडजवळ श्रीरामपूर येथे वसवली. दिलेली आश्वासने पुरी करून घेण्यासाठी तिथल्या लोकांना पुढे आंदोलन करावे लागले. रस्त्याने तोडलेली वाट गावे उठवून जोडली जात नाही. २०१३ च्या त्या अभ्यासात अडथळा म्हणून वस्ती होती हे खरे, पण तिथला इशारा शहरी पसाऱ्याबद्दल होता. चाळीस घरांच्या टोल्याला आणि चौपदरी रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या गोदामांना एकाच मापाने मोजणे ही लबाडी आहे. आपल्याकडे ती सर्रास चालते.

इथे एक सावधानता सांगितली पाहिजे, कारण जनुक हा शब्द आला की शुद्धता हा शब्द मागून येतो. गडचिरोलीच्या कोलामार्का भागात आणि छत्तीसगडच्या उदंतीत रानम्हशी आहेत. मध्य भारतातल्या या जातीचे थोडेच कळप उरले. गावातल्या म्हशींशी त्यांचा संकर होतो, ही चिंता खरी आहे आणि डीएनए तपासणीने ती मोजता येते. पण छत्तीसगडने काय केले? आशा नावाच्या रानम्हशीच्या पेशींपासून कर्नालच्या संस्थेत डिसेंबर २०१४ मध्ये दीपआशा नावाची प्रतिकृती जन्माला घातली. ती मोठी झाल्यावर मुऱ्हा म्हशीसारखी दिसू लागली आणि ती रानम्हैस आहे की नाही यावरच वाद सुरू झाला. पुढे आसामच्या मानसमधून रानम्हशी आणल्या, तर त्यामुळे मध्य भारताची जनुके भ्रष्ट होतील, असा आक्षेप आला. आक्षेपात तथ्य किती हे शास्त्रज्ञांनी ठरवावे. आम्हाला एवढेच दिसते की शुद्ध म्हैस शोधण्यात जेवढी ऊर्जा गेली, तेवढी तिच्या गवताळ माळासाठी गेली नाही.

निसर्गात शुद्धतेला किंमत नाही, मिसळण्याला आहे. हे वाक्य आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ लक्षण म्हणून आपापसातच लग्न करण्याच्या बंधनावर बोट ठेवले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड यांच्या संशोधकांनी भारतीयांच्या जनुकांवरून दाखवले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते आणि नंतर ते मिसळणे थांबत गेले. २०१७ च्या पुढच्या अभ्यासात अशा बंद समूहांत काही दुर्मिळ आजार साचल्याचे आढळले. हीच सीसीएमबी हैदराबादेतच संकटग्रस्त प्राण्यांच्या जनुकांची लॅकोन्स नावाची प्रयोगशाळाही चालवते.

तरी वाघावरून थेट माणसावर उडी मारू नका. बाबासाहेबांनी जातीचे वांशिक स्पष्टीकरण नाकारले होते आणि ते नाकारणे आजही तितकेच गरजेचे आहे. जात जनुकांत नसते. माणसाने घातलेल्या कुंपणाची खूण तेवढी जनुकांत राहते. वाघाचे कुंपण डांबराचे आहे, एवढाच फरक.

परत बिरसीला येऊ, कारण तिथे वाघ नाही, पण सारस आहे. विमानतळाच्या आसपास धानाच्या बांध्या आणि तलाव आहेत. झिलमिली आणि परसवाडा हे तलाव हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरतात. राज्यात सारस जोडी पाहायची तर गोंदिया आणि भंडारा, नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट, एवढाच पट्टा उरला आहे. गोंदियाची सेवा ही संस्था शेतकऱ्यांना सोबत घेऊन दरवर्षी मोजणी करते. सारसांची संख्या काही डझनांतच घुटमळते. विजेच्या तारा, शेतातली कीटकनाशके आणि आटत जाणारे तलाव यांनी पक्षी मरतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि जिल्हा पातळीवर सारस समित्या झाल्या.

उत्तर प्रदेशात सारस हजारोंनी आहेत. लुंबिनीच्या परिसरातही ते राहतात, तिथे जाऊन आलेल्या उपासकांनी पाहिले असतील. आपले मोजके सारस मात्र त्या मोठ्या समूहापासून दूर पडले आहेत. सिमलीपालचा वाघ आणि गोंदियाचा सारस यांची गोष्ट इथे एकसारखी होते. सारसाचे गळलेले पीस उचलले तरी त्यातून डीएनए मिळतो, पक्ष्याला हात लावावा लागत नाही. जिल्हा समित्यांनी मोजणीसोबत पिसे गोळा करून प्रयोगशाळेत पाठवली तर पुढच्या दहा वर्षांत बाहेरून पक्षी आणायचे की नाही, यावर अंदाजाने भांडावे लागणार नाही. थायलंडमध्ये सारस जंगलातून पूर्ण संपला होता. तिथे २०११ पासून बुरीराम प्रांतात पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी भातशेतीच्या परिसरात सोडले आणि शेतकऱ्यांनी ते सांभाळले. तिथवर आपली वेळ येऊ द्यायची नसेल तर आजचे सारस जिवंत असतानाच त्यांची नोंद व्हायला हवी.

आता पुढचा प्रश्न दारात उभा आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया ते बल्लारशाह रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. २४० किलोमीटर, खर्च ४८१९ कोटी रुपये. तीन बछडे ज्या मार्गावर मेले, तोच हा मार्ग. गोंदिया, सौंदड, अर्जुनी मोरगाव, वडसा, नागभीड, मूल, चंद्रपूर अशी ही रेषा नवेगाव आणि ताडोबा यांच्यामधून जाते. ज्या वाटेने ब्रह्मपुरीचा वाघ स्वतःच्या पायांनी नागझिऱ्याला आला असता, तिला ती आडवी छेदते. रेल्वे हवी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. या भागातला मजूर आणि विद्यार्थी पॅसेंजरनेच जातो. प्रश्न गाडीचा नाही. रुळाखालून किती ठिकाणी मोकळी जागा ठेवणार, ती जागा कोणत्या नमुन्यांवरून ठरवणार आणि रात्री वेग किती राहणार, हे प्रश्न आहेत.

ते विचारण्याची जागा मात्र अरुंद केलेली आहे. पर्यावरण परिणाम अभ्यासाच्या २००६ च्या अधिसूचनेत रेल्वेमार्ग येत नाहीत, म्हणून जनसुनावणी नाही. वनजमीन वळवताना वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेची संमती लागायला हवी. पण ५ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पत्राने रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या अशा रेषेसारख्या प्रकल्पांना, अतिअसुरक्षित आदिम जमातींचा अपवाद सोडून, त्या संमतीतून सूट दिली. पुन्हा तेच वर्ष! शास्त्रज्ञ सांगत होते की वाघाला रेषा तोडतात, आणि त्याच साली रेषांना गावाला विचारण्यापासून मोकळीक मिळाली. वाघाची वाट आणि ग्रामसभेचा अधिकार एकाच फटक्यात कापले गेले.

तरी दोन दारे उघडी आहेत. वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-ओ नुसार व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जमीन वळवायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला लागतो. त्या कागदांत प्राण्यांच्या मार्गांविषयी काय अटी घातल्या, त्या कोणत्या जनुकीय अभ्यासावर आधारल्या, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. दुसरे, वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देते. गोंदिया आणि गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या अनेक ग्रामसभा आहेत. त्यांनी आपल्या हद्दीत वाघ, अस्वल, गवा कुठून रूळ ओलांडतात, याच्या तारीखवार नोंदी ठेवल्या, विष्ठेची जागा मोबाईलवर टिपली आणि ठराव करून त्या वनविभाग व रेल्वेकडे पाठवल्या, तर नकाशावरची रेषा आखताना त्या बाजूला सारणे सोपे जाणार नाही. ठरावावर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका.